सगळे समान, अध्यक्ष मी

५ नोव्हेंबर
गावातली उरलीसुरली जोडपीही आज ऊसतोडीला गेली. मागे राहिली म्हातारी माणसं. आणि मी, पण माझं वेगळं. बांबू वाहता वाहता स्वतःचं मंडप डेकोरेशन उभं केलेल्या माणसाला सत्तरीत कुणी म्हातारा म्हणत नाही. नगरच्या संस्थेच्या पंकजा मॅडम म्हणाल्या, वृद्धांसाठी काहीही करा, पण त्यांना समान भागीदार धरून, विचारून करा. पटलं. संकल्प: विचारायचंच. आराखडा तयार आहे. माझा रिकामा हॉल, टीव्ही, योगा.

७ नोव्हेंबर, दुपार
पहिली मीटिंग. सगळे सतरंजीवर, समान. मी खुर्चीत, गुडघ्यामुळे. समानतेवर दीड तास बोललो. मग विचारलं, टीव्ही कुठल्या भिंतीला? आक्काबाई म्हणाली, "शेठ, टीव्ही ऱ्हाऊ द्या. रोज सकाळी दारात कुनीतरी हाक मारावी, एवढं बघा." गेल्या हंगामात रंगनाथ घरात पडला, दुसऱ्या दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मुद्दा भावनिक. नोंद घेतली. टीव्ही पूर्वेच्या भिंतीला.
मागे गहिनीनाथ कुजबुजला, "ह्यो मानूस दम कवा घेतो?" माझे कान तिखट. वक्तृत्वाचं कौतुक झालं की बरं वाटतं.

१२ नोव्हेंबर
हॉलचं उद्घाटन. कुणी आलं नाही. थंडी.

१३ नोव्हेंबर
कुणी आलं नाही. थंडी नव्हती. लाजत असणार.

१६ नोव्हेंबर
मॅडम आल्या त्या थेट आक्काबाईच्या ओट्यावर. भागीदारांनी मला न विचारता ठरवलं: रोज सकाळी आळीपाळीने घरोघर हाक. ओ आली नाही तर शेजारी गोळा करायचे, दार उघडायचं. मॅडम म्हणाल्या, हेच करू. हॉल रद्द. मोठ्या मनाने मान्यता दिली. कल्पना शेवटी माझ्याच मीटिंगमधली. वर आक्काबाई म्हणते, "पयली हाक तुमच्या दारात. ल्योक पुण्यात, तुमी बी एकलेच." हसून घेतलं. मी सेवा देणारा आहे, घेणारा नाही. ओ देणार नाही.

१८ नोव्हेंबर
सकाळी हाक आली. "ओ शेठ, उठले का?" जागाच होतो. पांघरुणात गप्प. तत्त्वाचा प्रश्न. पुन्हा हाक. मग थापा. मग बरीच पावलं. मग आक्काबाईचा आवाज, अगदी बारीक: "मानूस वाईट नव्हता. बोलायचा लई." गहिनीनाथ म्हणाला, "पोराला फोन लावा." आता मात्र उठलो. चष्मा शोधतोय तोच कडी तुटून दार आत. मी चड्डीवर. भागीदार समोर. आक्काबाई रडत होती आणि शिव्याही देत होती: "मेल्या, ओ द्यायला तोंड दुखतं का?"

१९ नोव्हेंबर, पहाट
सुतार परवा येणार. तोवर दाराला मंडपाचा पडदा. आज पाळी गहिनीनाथची. अजून आला नाही. बेशिस्त माणूस. मीटिंगमध्ये विषय घ्यावा लागेल.
घसा दोनदा साफ करून ठेवला आहे.