त्यांच्या खिशातल्या किल्लीचं कुलूप

मी, खाली सही करणारी, पूर्ण शुद्धीवर असून कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. पण आधी एक रविवार. वाळलेल्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन ह्यांच्या. "अगं, ताणून धर, नाहीतर घडी माझ्या भांगासारखी वाकडी पडेल!" दुसऱ्या दिवशी हे लिफ्ट बसवण्याच्या कामावर परगावी गेले. तिथे भाड्याच्या खोलीत राहिले, आणि एका संध्याकाळी कामावरून निघाले ते खोलीवर पोचलेच नाहीत.

कायद्यातली सात वर्षं सरल्यावर ह्यांना मृत ठरवण्याचा अर्ज मी केला. इथलं कोर्ट म्हणालं, शेवटचं राहणं तिकडचं, तिकडे जा. तिकडचं म्हणालं, भाड्याची खोली म्हणजे घर नव्हे, इकडे जा. हरवलेला माणूस राहिला बाजूला, मी कोर्टच शोधत फिरले. अखेर वरच्या कोर्टात खोलीच्या मालकीणबाईंनी साक्ष दिली, "घराची किल्ली रोज खिशात असायची. मी म्हटलं, इथे काय कामाची? तर म्हणाले, असू दे मावशी, परत जायचंच आहे." त्यावरून ठरलं की घर हेच आणि अधिकार इथल्या कोर्टाचा. हे परत येणार होते असं सिद्ध झालं, म्हणून तर ह्यांना मृत ठरवता आलं.

निकालादिवशी धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता तरी कुलूप बदला."
"भावोजी, निकाल तुमच्या भावाचा लागलाय, कुलपाचा नाही."
तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलं आहे.

निकालानंतर माझ्या नावावर झालेलं हे घर आणि बँकेत उरेल ते माझ्या मुलीला. ती इथे राहील तोवर कुलूप बदलू नये. घर विकलंच, तर कुलूप काढून आपल्या नव्या दाराला लावावं आणि तिथला पत्ता कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे ठेवावा.

ह्यांची हत्यारांची पेटी त्यांच्या जोडीदार मेकॅनिकला. ह्यांना शोधत तिकडचे गल्लीबोळ पालथे घालणारा तो एकटाच.

दिरांना ह्यांचा लोकरी कोट. अंगात ऊब असली की माणूस अबोला सोडतो.

आणि हे आलेच, तर लगेच वकील गाठू नये. आधी जेवायला वाढावं. कपाटातली वरची चादर ह्यांची आहे. उलगडताना दोन टोकं मुलीने धरावीत.

सही: (माझी)
साक्षीदार: शेजारच्या नर्सबाई; कोपऱ्यावरचे शिंपी
तारीख: मार्चचा पहिला सोमवार
ठिकाण: ह्यांचं शेवटचं राहतं घर