जोडीतला दुसरा

गुरुवार, बोईसर

चिपच्या आराखड्यात जागा पुरेना, म्हणून साहेब फोनवर म्हणाले, "जोडीतला एक ट्रान्झिस्टर लांब सरकव. मापं तर सारखीच आहेत." सारखीच आहेत. पण लांब ठेवले की चिप घडतानाच दोघांत फरक पडतो, मग जोडी जुळत नाही. मी नाही म्हटलं, जरा जोरातच. एवढं का लागलं मला?

संध्याकाळी मासवणहून किसन आला, माझा जुळा भाऊ. आईला दोघं झेपेनात, म्हणून लहानपणीच मामाकडे दिलेला. तेव्हा ओळखायला त्याच्या मनगटाला काळा दोरा बांधावा लागे, इतके आम्ही सारखे.

घरमालकीणबाई दारातच म्हणाल्या, "मोठे भाऊ का?"

"नाय वो, आमी जुळे," किसन हसला. बाईंना ती थट्टाच वाटली.

आता दोरा नसला तरी चालतं.