कूलरवाल्याची मुलगी घामात

५ एप्रिल, दुपार
४३ डिग्री. सोलापुरातल्या नामांकित फॅन-कूलर दुकानाच्या मालकाची, म्हणजे माझी, मुलगी शिवलीला फॅन बंद करून बसली आहे. शाळेत सांगितलं, फॅन लावला की पृथ्वी तापते. मानेवर घामोळं उठलंय. चौथीतल्या पोरीच्या डोक्यावर अख्खी पृथ्वी! संताप आला. निश्चय : आठ दिवसांत तिला फॅनखाली बसवणार. बापाच्या शब्दाला वजन असतं.

१३ एप्रिल
आठ दिवस झाले. काल पाऊण तास मुद्देसूद समजावलं. जाताना ती माझा कूलरही बंद करून गेली. मुदत वाढवली. पालकांच्या मीटिंगमध्ये मॅडमना जाब विचारणार. भाषण तयार. फारच धारदार झालंय.

१९ एप्रिल
मीटिंग. बोलायला उठलो. मॅडमनी विचारलं, कोणाचे पालक? शिवलीलाचे म्हणताच टाळ्या. पोरीनं वीजबचतीच्या चार्टमध्ये माझ्या नावापुढे रोज बरोबरच्या खुणा केलेल्या. मला सर्टिफिकेट, गुलाबाचं फूल. नाकारणं बरं दिसलं नसतं. भाषण पुढच्या मीटिंगला.
घरी विचारलं, खोटं का लिहिलंस? म्हणाली, नाहीतर मॅडमनी तुमचं नाव लाल पेनानं लिहिलं असतं की पप्पा. गुलाब पाण्यात ठेवला.

२ मे
बायकोनं, महेश्वरीनं, सोलरचं काढलंय. म्हणाली, आपल्याच गच्चीवरची वीज म्हटल्यावर पोर फॅन लावंल, सबसिडीबी मिळती की. मी तिला दुकानात सगळ्यांदेखत सुनावलं. सबसिडी म्हणजे माझाच टॅक्स! गच्चीवाल्यांना खिरापत, आणि आपला कारागीर महबूब भाड्याच्या खोलीत राहतो, त्याला काय? महबूब म्हणाला, मालक, माझं ऱ्हाऊ द्या, तुमी टॅक्स कधी भरलाव? हल्ली लोक मुद्दा सोडून बोलतात. सोलरच्या अर्जावर सही करणार नाही. कदापि नाही.

९ मे
सही केली. निव्वळ प्रयोग म्हणून. घामोळं पाठीवर उतरलंय.

२७ मे, दुपारी २
पॅनल सुरू. शिवलीलानं स्वतः बटण दाबलं आणि फॅनखाली पसरली. पावणेदोन महिने माझ्या बोलण्यानं झालं नाही ते गच्चीवरच्या चार काचांनी केलं. आनंद झाला. पण राग आधी आला.

दुपारी २.२०
लाईट गेली. फॅन बंद. बाहेर ऊन रणरणतंय! बसवणाऱ्याला फोन केला. म्हणाला, बॅटरी कुटं घेतलाव साहेब? लाईनची लाईट गेली की सोलरबी बंद, असंच असतंय. म्हणजे मी बरोबर होतो! घरात तसं जाहीर केलं. महेश्वरी म्हणाली, बरं, आता पोरीला वारा घाला. टॉवेल घेऊन बसलो.

दुपारी ३.४५
लाईट आली. फॅन लावायला उठलो. शिवलीला डोळे मिटूनच म्हणाली, फॅन नको पप्पा, तुमीच घाला. ह्याला सबसिडीबी लागत नाही.
उजवा हात टॉवेलनं वारा घालण्यात गुंतलाय. हे डाव्या हातानं लिहितोय.