पत्रिकेसाठी लॅपटॉप

धुळे,
८ मार्च १९९८

प्रिय सुकदेव,

तुझं सिंगापूरचं पाकीट परवा मिळालं. दोन्ही लॅपटॉपची रंगीत माहितीपत्रकं मी वाचली, ह्यांनी नुसती चित्रं पाहिली. अक्का, तुमच्या प्रेससाठी यातला कोणता घेऊ, असं तू विचारलंस, आणि खाली जागा उरली म्हणून लिहावं तसं एक वाक्य टाकलंस की उज्ज्वलाच्या लग्नाला यायला जमेलसं वाटत नाही. मला एकच भाऊ, तिला एकच मामा. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला राग आला, हे तुला सांगून ठेवते. पण तू विचारलं आहेस लॅपटॉपचं, तेव्हा आधी त्याचंच उत्तर देते.

आपल्याकडची लग्नपत्रिका तू विसरला नसशील. नवरा-नवरी दोन ओळींत आटोपतात, बाकी सगळा कागद भाऊबंदांचा. मजकूर जुळवला की प्रूफ घेऊन हे खेड्यावर जातात. तिथं कुणाचा तरी चुलता धाकट्याच्या खाली गेलेला असतो, कुणाची आत्या सुटलेली असते. मग परत धुळे, परत दुरुस्ती, परत एसटी. मागच्या वर्षी साक्रीकडच्या एका घराच्या इतक्या खेपा झाल्या की शेवटी दोघा भावांनी दोन वेगवेगळ्या पत्रिका छापून घेतल्या. आमचा धंदा दुप्पट झाला, पण छापताना बरं वाटलं नाही. लॅपटॉप असला तर त्यांच्याच ओसरीवर बसून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नावं लावता येतील आणि भांडण काय ते एकदाच होईल. म्हणून मी तुझ्यामागे लागले होते.

माहितीपत्रकावर माझा विश्वास नाही. स्थळाच्या फोटोसारखं असतं ते, नाकाची बाजू कधी दाखवत नाहीत. म्हणून जळगावला नवी पेठेत कॉम्प्युटरवाल्या झुलालशेठकडे गेले. त्यांच्या मुलाची पत्रिका आपणच छापली होती. लॅपटॉप भाऊ बाहेरूनच आणणार आहे, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं. ते हसले आणि दुकानात दाखवायला ठेवलेले दोन्ही, तू लिहिलेस तेच, आठवडाभरासाठी बरोबर दिले. येताना बसमध्ये मी खिडकीची जागा सोडली, पण मांडीवरची पिशवी सोडली नाही.

मोठ्याचं आधी लिहिते. त्यात सगळं पोटात आहे, फ्लॉपी आत, सीडी आत, बॅटऱ्याही दोन. खेड्यावर वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा दोन बॅटऱ्या म्हणजे मोठा आधार. कळा खोल आहेत, बोटाला नीट लागतात. टायपिंगच्या क्लासमध्ये मशीनवर हात बसलेल्या माझ्यासारखीला तेच बरं. पडदा रुंद आहे, पण समोर बसणाऱ्यालाच स्वच्छ दिसतो. बाजूच्याला नुसता धुरकट. आमच्या कामात हा दोष लहान नाही. ओसरीवर समोर एकच जण बसतो, आणि बाजूच्या चौघांना वाटतं की तो आपलंच नाव वर चढवतोय. शिवाय वजन. चार्जरसकट पिशवी लूनाच्या पुढच्या हुकाला अडकवली तर हँडल वळेना. नाकापेक्षा मोती जड, असं हे म्हणाले, आणि त्या वेळी ते खरंच होतं.

धाकटा म्हणजे मूर्ती लहान पण कीर्ती महान. वहीसारखा काखेत मावतो. पडदा छोटा, पण कुठूनही बघा, अक्षर तेच आणि तसंच. इतका पातळ करायचा म्हणून त्यांनी आतलं एकेक बाहेर काढलंय. फ्लॉपीचा डबा वेगळा, सीडीचा वेगळा, दोघांच्या वायरी वेगळ्या. त्यातली एक घरी राहिली की बसा हात चोळत. कळा उथळ आहेत, माझ्याकडून एकेक काना दोनदा पडतो. मांडीवर ठेवला तर खालून चटका बसतो. आणि बॅटरी एकच, तीही अल्पायुषी. पत्रिकेच्या तळाशी ‘आपले विनीत’पर्यंत पोचतो न पोचतो तोच पडदा काळा. मोठ्यानं सगळं दिलं आणि वजन मागितलं, धाकट्यानं वजन माफ केलं आणि बाकी सगळं आपल्यालाच सांभाळायला लावलं. फुकट कुणीच काही देत नाही.

तरी खरं सांगायचं तर कामाला धाकटाच सोयीचा. सोनगीरला मी तोच घेऊन गेले. उज्ज्वलाच्या पत्रिकेत आपल्या माहेरची नावं टाकायची होती, आणि ती मोठ्या काकांना विचारल्याशिवाय टाकायची नाहीत, ही आपल्या घरची रीत. नाना आता खाटेवरच असतात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून दिसतं चांगलं, पण समोर येऊन बसायला काही तयार नाहीत. त्यांचा भिकन समोर बसला होता. मी सगळी नावं लावून नेली होती, फक्त मामांच्या ओळीत काहीच भरलं नव्हतं. मुद्दामच. तुझं नाव मी स्वतः टाकलं असतं तर बहिणीची माया म्हणून सोडून दिलं असतं नानांनी, आणि गावात वाटायच्या पत्रिकेतून काढायलाही लावलं असतं. भिकननं ती कोरी जागा पाहिली आणि सहज म्हणाला की चुलतमामा म्हणून माझं टाक. बाजूच्या खाटेवरून नानांना सगळं दिसत होतं. ते म्हणाले, “सुकदेवनं नाव लिख. त्यानी बायकोनं बी लिख.”

सुकदेव, त्यांना लीनाचं नाव येत नव्हतं. त्यांनी मला ते विचारलं आणि दोनदा म्हणून पाहिलं.

भिकनच्या लग्नाची पत्रिका तुला सिंगापूरला पोस्टानं गेली होती, पाहुण्याला पाठवावी तशी, आणि तीत घरच्या सगळ्यांची नावं होती, तुझंच नव्हतं. केरळची बायको केलीस म्हणून नानांनी ते गाळायला सांगितलं होतं. तू भांडला नाहीस, पत्रात कधी विषयही काढला नाहीस. नुसता यायचा थांबलास. सुट्टी नाही, काम आहे, तिकीट नाही, ही तुझी सगळी कारणं मी खरी मानली, कारण खोटी म्हटली असती तर तू पत्रही टाकलं नसतंस. तुझा राग चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी नाना नावं सांगून झाल्यावर भिंतीकडे तोंड करून निजले आणि जेवायला उठले नाहीत. याहून जास्त त्यांच्या तोंडून निघणार नाही, त्याची वाट पाहू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू लिहिलंस की धाकटा घेतला तर तुझ्या ऑफिसातले गृहस्थ पुढच्या महिन्यात मुंबईला येताहेत, ते बॅगेत टाकून आणतील आणि कुरिअरनं धुळ्याला पोचता करतील. मोठ्याचं एवढं ओझं मात्र कुणाच्या गळ्यात घालता येणार नाही, तो पुढंमागं कधीतरी तुलाच आणावा लागेल. मी दोन्ही वापरून पाहिले, दोघांचे गुणदोष वर लिहिले, त्यात एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाही. आम्हाला मोठाच हवा. लग्न आखाजीनंतरच्या रविवारी, ३ मेला आहे. भटजी मुलीच्या मामांना हाक मारतील तेव्हा उज्ज्वलाचा हात धरून तू ये, मागून लीना येऊ दे, आणि लॅपटॉप गडबडीत सिंगापूरला राहिला तरी माझं काही म्हणणं नाही.

तुझीच,
अक्का