खंडेनवमीचा कापूर

मरोळ, शनिवार

प्रिय नितेश,

फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपला ब्लू टिक येते आणि उत्तर मात्र नाही. आज चौथा दिवस. तेहतीस वर्षांचा घोडा झालास, पण रुसायची तऱ्हा बालवाडीतलीच. म्हणून हे पत्र अबोलीच्या हाती देते. बायकोसमोर तरी फाडणार नाहीस, एवढी आशा आहे.

झालं ते वाईट झालं, मान्य. चाळीस माणसांसमोर देवीच्या आरतीवर मी फरशी पुसायच्या बादलीतलं पाणी ओतलं. तुझा नवा कुर्ता भिजला, नारळ गडगडत पॅकिंगपर्यंत गेला, आपले जुने कामगार रतनकाका तर कानाला हात लावून खालीच बसले. पण अरे शहाण्या, त्याच्या आधी तू काय केलंस? गंधक दळायची खोली ती! तुळयांवर, ट्यूबलाइटवर, पाइपांवर पिवळी पूड बसलेली. देवीसमोर मशीन चकाचक दिसायला हवी म्हणून तू हवेची नळी घेतलीस आणि ती सगळी पूड उडवून दिलीस. चार हातांवरचा माणूस दिसेना. आणि त्या धुरळ्यात पेटत्या कापराचं ताट घेऊन निघालास, वर सगळ्यांना म्हणतोस, टाळ्या वाजवा! सगळ्यांची वाट लागली असती रे.

मी सुपरवायझर झाले तेव्हापासून घसा कोरडा करतेय. गोणीतला गंधक गपगुमान पडून असतो, हवेत उडाला की एका ठिणगीने भडकतो. म्हणून ओल्या फडक्याने पुसा, नळी मारू नका. म्हणून लोखंडी फावडं नको, पितळी घ्या. ड्रमला अर्थिंगची क्लिप लाव, साठलेली वीज जमिनीत जाते, ठिणगी पडत नाही, म्हटलं की तुझं ठरलेलं, ताई, एवढ्या वर्षांत काय झालंय का? गेल्या महिन्यात त्याच क्लिपला तू डब्याची पिशवी अडकवली होतीस. डब्याची पिशवी! हसावं की रडावं तेच कळेना. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं.

आणि आता कळतंय की तू परस्पर शेठना भेटलास. देवीचा अपमान झाला म्हणून सोमवारी पुन्हा आरती, आतच, मशीनसमोर. शेठ मला म्हणाले, करू दे गं, पाच मिनिटांचं तर काम. भडका उडायला पाच मिनिटं कुठे लागतात? आरती गेटपाशी करू, मशीनचे पाने-हातोडे बाहेर आणून पुजू, हे मी नवरात्राच्या आधीच सांगितलं होतं. ते तुला पटलं नाही. त्या दिवशी ओल्या कुर्त्यात उभा राहून ओरडलास, बाबांनी आयुष्यभर मशीनसमोर पूजा केली, तुझ्यात मात्र देवधर्म उरलेला नाही. लागलं मला ते. तिथल्या तिथे तोंड उघडणार होते, पण शब्द दिलेला होता, गप्प बसले.

तुला आपला स्टो आठवतो? लहानपणी तू येता-जाता त्याला लाथा घालायचास, याने बाबांचे हात जाळले म्हणून. आई तुला ओरडायची नाही, नुसतं तोंड फिरवायची. मला तेव्हा फार कसंतरी व्हायचं. आजही बाबांच्या शर्टाची बटणं आई लावते, आणि बाबा लोकांना स्टोचीच गोष्ट सांगतात.

नितेश, तो स्टो कधीच भडकला नव्हता. मी नऊ वर्षांची होते, तू आईच्या मांडीवर. बाबा कामाला होते त्या घाटकोपरच्या, आता बंद पडलेल्या रबराच्या कारखान्यात खंडेनवमीला पोरांना न्यायचे, पेढा मिळायचा. तिथेही सकाळभर गंधकाच्या खोलीत हवेच्या नळीने साफसफाई चालली होती. कापराचं ताट मी हट्टाने मागून घेतलं आणि बाबांच्या पुढे आत पळाले. त्यांनी धावत येऊन मला मागे ढकललं, ताट हिसकावलं. मग मला नुसता उजेड आठवतो. पोरीने जन्मभर हे डोक्यावर वागवू नये म्हणून त्यांनी स्टोचं नाव पुढे केलं आणि मला गप्प राहायची शपथ घातली. काल देवगडला बाबांना फोन करून विचारलं, आता तरी सांगू का? म्हणाले, "सांग तेका. माझे हात गेले ते गेले, तेचे रवांदेत." सोमवारी मी दळायच्या खोलीच्या दारात बादली घेऊन उभी असणार, शेठ काहीही म्हणोत. पण तू गेटपाशी ताट घेऊन उभा राहिलास तर बादली ठेवून येईन. बत्तीस वर्षांत मी कापूर पेटवलेला नाही, घरच्या देवासमोरही नाही. तू ताट धर, मी पेटवते.

तुझीच,
दर्शनाताई