रस्त्यापलीकडचं विहार

अण्णा, तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती, आणि आता हिंमत आली तर ऐकायला तुम्ही नाहीत. याचाच जास्त संताप येतो.

या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातल्या बायकांबरोबर श्रीलंकेला जाऊन आले. सीतेची अशोकवाटिका बघायची म्हणून मी निघाले होते. वाटेत एका गावात बस थांबली. त्या दिवशी पौर्णिमा होती. बुद्धाच्या देवळात पिंपळाभोवती वाळूवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. मी नुसती डोकावायला गेले, तर एका म्हातारीनं सरकून आपल्या चटईवर मला जागा केली आणि कमळाची एक कळी हातात ठेवली. कोण, कुठली, काही विचारलं नाही. मग प्रार्थना सुरू झाली आणि मी दचकले. ते शब्द माझ्या ओळखीचे होते. लातूरला आमच्या घरासमोरच्या रस्त्यापलीकडं विहार आहे, तिथल्या भोंग्यावरून दर रविवारी तेच शब्द कानावर पडतात आणि मी खिडकी लावून घेते. प्रार्थना संपली, सगळे गप्प झाले. अण्णा, मीही गप्प झाले, अगदी आतून. तुमच्या देवघरापुढं मला कायम परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. एक उच्चार चुकला की तुम्ही स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचात. इथं कुणी तपासत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसावंसंही वाटत नव्हतं. बसचा हॉर्न वाजला तेव्हा तिथून उठवेना.

परत आल्यावर स्टाफरूममध्ये मी हे अगदी रंगवून सांगितलं. मराठी शिकवणारी माझी मैत्रीण, जिच्यासोबत मी कित्येक वर्षं डबा खाते, शांतपणे ऐकत होती. "लई छान वाटलं असंल ना," ती म्हणाली. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "मॅडम, आमचं विहार तुमच्या दारासमोर हाय की. तिथं कधी आला न्हाईत तुम्ही." तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले तरी असते.

तेव्हापासून लहानपणची, देगलूरची ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही. मी सहावीत असेन. वर्गातली मैत्रीण बुद्धपौर्णिमेला मला त्यांच्या विहारात घेऊन गेली होती. मी घरी आले, तर तुम्ही दारातच उभे आहात. "कुठं गेलतीस?" मी खरं सांगते. तुम्ही ओरडत नाही. हौदाकडं बोट दाखवता. मी कपड्यांसकट अंगावर पाणी घेते, आई पाठ करून भाकरी थापत राहते. "शाळेत एका बाकावर बसा, माझं काही म्हणणं न्हाई," तुम्ही म्हणता. "पण तिथं पाय ठेवायचा न्हाई." तुम्ही आमच्याच शाळेत गणिताचे मास्तर; दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही त्याच मैत्रिणीला शेजारी बसवून तिचं गणित सोडवून घेता, प्रेमानं, ती थकेपर्यंत. पुढं सगळं गणगोत विरोधात असताना मला नांदेडला विज्ञान शिकायला पाठवणारेही तुम्हीच. मग ती आंघोळ कशासाठी होती? मी तेव्हा विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाही. तुम्ही नुसते वाईट असतात तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी रस्ता ओलांडला. श्रीलंकेतलं काहीएक तिथं सापडलं नाही. माईक किंचाळत होता, गळक्या स्लॅबवरून दोघांची जुंपली होती, आणि मी मॅडम म्हणून मला एकटीला प्लास्टिकची खुर्ची दिली. मी त्या खुर्चीवर अवघडून बसले. आपल्याला आत येताना कुणी पाहिलं असेल, याचाच विचार पूर्ण वेळ चालू होता. मन शांत होणं दूरच, डोकं दुखायला लागलं. घरी येऊन भांडी आपटली. समुद्रापलीकडं जे चटकन मिळालं ते इथं मिळत नाही, कारण इथं मी तुमची मुलगी असते.

तरी पुढच्या रविवारी गेले. स्टाफरूममधल्या मैत्रिणीनं खुर्ची सरळ बाजूला सारली. "बसा की खाली, आमच्यात." बसले. गुडघे दुखले, माईक पुन्हा किंचाळला. मध्येच कधीतरी थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. तेवढंच. आता दर रविवारी जाते.

हे कागद तुमच्या फोटोपुढं ठेवावेत असं वाटलं होतं, पण घरात कुणाच्या तरी हाती लागतील. कारण अण्णा, मी तिथं जाते हे इथं कुणालाच माहीत नाही. भाजी आणायला जाते म्हणून सांगते, आणि येताना आठवणीनं मेथीची जुडी घेऊन येते.