खारुताईचा डबा

४ मार्च, सोमवार

खारुताई, म्हणजे माझी सून, जिन्यात ओकली. चूक माझीच. सराव म्हणजे अंगमेहनत, म्हणून मी तिला बळेबळे दोन माणसांचं जेवण जेवू घातलं आणि लगेच खांद्यावर पिठाचं पोतं देऊन सहा मजले चढायला पाठवलं! चौथ्या मजल्यावर, शिवणवाल्या बाईंच्या पायपुसण्यावर सगळं बाहेर. धुऊन दिलं. बाईंनी नाक तेवढं मुरडलं.

५ मार्च, मंगळवार

या महिन्याच्या अखेरीस सुनेची अग्निशमन दलाची परीक्षा. पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊन सहा मजले, तेही दोनदा. पहिली खेप ती भराभर चढते. दुसऱ्या खेपेला पाय उचलत नाहीत.

"दुपारी काय खातेस गं?"

"चहा-बिस्किटं. दुकानात वेळ कुठे मिळतो, आई?"

दिवसभर खोकी उचलायची आणि पोटात चहा-बिस्किटं! कपाळावर हात मारून घेतला. उद्यापासून डबा मी देणार. माझा मुलगा असता तर मलाच ओरडला असता. खारुताई हे नावही त्याचंच. तो गेल्यापासून मीच तशी हाक मारते. नाहीतर ते नाव कुणी घेतलंच नसतं.

९ मार्च, शनिवार

रताळं उकडून, दोन अंडी, काकडी, दही. जिना चढायच्या तासभर आधी खायला खजूर आणि शेंगदाण्यांचे गोळे. पहिले एवढे मोठे वळले की तिचा जबडा दुखला म्हणे. आज सुपारीएवढे केले. खजूर चिकटतो, बोटं ओली करून वळावं लागतं.

"आई, आता चारनंतर डोळे मिटत नाहीत."

एवढ्यावर मी दिवसभर खुशीत.

१६ मार्च, शनिवार

शिवणवाल्या बाई बसायला आल्या. गोळे खाल्ले, एक नाही, तीन. जाता जाता म्हणाल्या, "पास झाली की परगावी पाठवतात म्हणे. मग तुमचं कसं व्हायचं?"

मी म्हटलं, माझं काय, हातपाय धड आहेत. पण त्या गेल्या आणि हरभरे करपल्याचा वास येईपर्यंत मी नुसतीच उभी होते.

खरंच आहे. मुलगाच राहिला नाही, तर ती माझी कोण लागते? तरुण आहे. म्हातारीपायी तिनं का अडकावं? कळतं सगळं. पण ती घरात आली की चपला काढायच्या आधी "आई" म्हणते. ते बंद झालं तर या घरात मी काय करू, मला माहीत नाही.

२३ मार्च, शनिवार

दुसरी खेपही न थांबता! वरून कठड्यावर वाकून हसली. मी खाली टाळ्या वाजवल्या, मग आत येऊन रडले. तिनं बघितलंच. म्हटलं, कांदा चिरत होते.

"कांदा कुठंय?"

आगाऊ आहे.

२८ मार्च, गुरुवार

उद्या परीक्षा. आज मनात पाप आलं. रात्री तळकट, जड काहीतरी आग्रह करकरून वाढावं. उद्या पाय अडतील आणि ती इथेच राहील. कुणाला कळलंही नसतं. तिला तर नाहीच, ती माझ्या हातचं डोळे झाकून खाते.

लिहितानाही लाज वाटते. शेंगदाणे मंद आचेवर भाजले. एकही करपू दिला नाही.

२९ मार्च, शुक्रवार

पास! मला उचलून गरागरा फिरवलं. नेमणूकही सांगितली. बंदराच्या गावी, इथून दिवसभराच्या वाटेवर. दलाच्याच खोल्या मिळतात. मी हसले, पोटभर हसले. मग डाळ निवडत बसले, निवडलेलीच.

२ एप्रिल, मंगळवार

ती खोली बघायला गेली आहे. दुपारी तिथून फोन. मागे कुणीतरी ठोकाठोक करत होतं.

"आई, बाकी सगळं छान आहे, पण इथला ओटा फार उंच आहे. तुमचे हात नाही पुरायचे. गवंडी समोरच उभा आहे, खाली करून देतो म्हणतोय. तुम्हाला किती उंच हवा?"

मी कमरेला हात लावून दाखवत राहिले, इथपर्यंत, इथपर्यंत. फोनवर तिला काय दिसणार!